भुंकणारे शिकारी

चाळीसगावच्या जुन्या गल्ल्यांत एखाद्या ओट्यावर पांढरं, झुपकेदार कुत्रं हमखास दिसतं. टोकदार कान, पाठीवर वळलेली शेपटी आणि फाटकाला हात लागण्याआधीच सुरू होणारा आवाज. लोक त्याला पामेरियन म्हणतात. बहुतेक वेळा तो असतो इंडियन स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. ‘फार भुंकतो हो,’ ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. मला मात्र अशा वेळी स्पिट्झ कुळातले त्याचे उत्तर युरोपातले चुलत भाऊबंद आठवतात. भुंकणं हेच त्यांचं काम.

नॉर्वेजियन एल्कहाउंड हा करड्या रंगाचा, भरल्या छातीचा कुत्रा. नर जेमतेम ५२ सेंटीमीटर उंच. त्याच्यापुढे मूस, म्हणजे घोड्याएवढं धिप्पाड हरीण. कुत्रा त्याला फाडायला जात नाही. भोवती नाचतो, खूर चुकवतो आणि भुंकून भुंकून त्याला जागीच अडवून धरतो. मैलभर मागे राहिलेला शिकारी त्या आवाजाच्या मागावर येतो. फिनलंडचा तांबूस स्पिट्झ रानकोंबड्याच्या जातीचा पक्षी झाडावर बसलेला हेरतो आणि खालून भुंकत राहतो. पक्षी त्याच्याकडे पाहण्यात गुंततो, तेवढ्यात शिकारी जवळ पोचतो. १९७९ पासून हा फिनलंडचा राष्ट्रीय कुत्रा आहे, आणि तिथे भुंकण्याच्या स्पर्धाही होतात.

रानात मालक दूर असतो. काय करायचं ते कुत्र्याला स्वतःच ठरवावं लागतं. म्हणून घरात पाळला तरी तो चटकन हुकूम ऐकत नाही. आधी विचार करतो, मग पटलं तर येतो. याला हट्टीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. घरच्या माणसांवर त्याचा जीव असतो, पण लाचारी नसते.

अशा स्पिट्झच्या अंगावर बोटं फिरवून पाहावीत. वरचे केस राठ आणि सरळ, पाऊस-बर्फ निथळून जाईल असे. ते बाजूला सारले की खाली दाट, फिकट, मऊ थर. त्यातून कातडी दिसतही नाही. मेंढपाळाची घोंगडी कायमची अंगाला शिवून टाकावी, तसं हे. वर्षातून एकदा-दोनदा तो थर सुटतो, तेव्हा फणी भरभरून केस निघतात.

आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकूनच. हल्ली हौसेनं निळ्या डोळ्यांचे हस्की आणले जातात. ते बर्फातली गाडी ओढणारे, याच कुळातले. वीज गेली, कूलर थांबला की त्या जिवाचं काय होत असेल? हे प्रेम मला मान्य नाही. धुळ्याकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपामागे चालणारी आखूड केसांची, सडसडीत कुत्री पाहा. ऊन झालं की सावलीत माती उकरून गारव्याला पडतात, अंधार पडला की राखणीला उभी राहतात. या मातीला हवा तसा कुत्रा इथेच घडलेला आहे.

घरात स्पिट्झ असेलच, तर उन्हाळ्यात त्याला सूर्य वर यायच्या आत फिरवून आणा, पाणी सतत भरलेलं ठेवा, रोज विंचरा. मशीन लावून त्याचे केस मुळापासून भादरू नका. ते त्याला उन्हापासूनही राखतात. भुंकला म्हणून मारू नका. आणि नवं पिल्लू आणायचं असेल, तर गल्लीतलं एखादं गावठी पिल्लू घरी न्या.