मागे राहणाऱ्याला रानात नेऊ या



भाताची मळणी आटोपली, पेंढा रचून झाला, वालाचे रान हिरवे दिसू लागले, की कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याला चार दिवस उसंत मिळते. मग कोणी महडच्या वरदविनायकाला जातो, कोणी मुलाबाळांना घेऊन माथेरान गाठतो. अशा वेळी बऱ्याच घरांत एक माणूस मागे राहतो. पोलिओने पाय गेलेला भाऊ, मळणी यंत्रात हात गमावलेला चुलता, नाहीतर दृष्टी गेलेली आजी. "तुम्ही जाऊन या, मी घर राखतो," असे ते माणूस म्हणते, आणि आपणही ते खरे मानून निघतो.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो. २०१९ च्या जानेवारीत आमच्या भागातील शेतकरी मंडळाची सहल माथेरानला निघाली. मंडळातले एक वडीलधारे शेतकरी आंब्यावरून पडल्यापासून चाकाच्या खुर्चीवर असतात. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांना मोठ्या हौसेने बरोबर घेतले. पण पुढची वाट कशी आहे, हे कोणीच पाहून आले नव्हते. दस्तुरीपर्यंत गाडीने गेलो. पुढे तांबडी माती आणि दगडगोटे. खुर्चीची पुढची लहान चाके रुतून बसली. "तुम्ही बघून या, मी इथेच बसतो," तात्या म्हणाले. संध्याकाळी परतलो, तो ते गाडीतळाच्या कडेला त्याच जागी बसलेले. दिवसभर त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. पाणी प्यायले तर शौचाला कुठे जायचे, हा प्रश्न! पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासा, असे गावोगाव सांगत फिरणारा मी. पण माणूस नेण्याआधी वाट तपासली नाही.

तेव्हापासून एक नियम केला. आधी पाहणी, मग सहल. आणि बेत आखायचा तो ज्याला जाणे सर्वांत अवघड आहे, त्याच्यापासून.

पाहणीला दोघांनी रिकामी खुर्ची घेऊन जावे. जिथे रिकामी खुर्ची अडते, तिथे भरलेली हमखास अडणार. पायऱ्या मोजाव्यात. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. त्याहून उभा चढ असेल तर मागे दोन धडधाकट माणसे हवीत. शौचालयाचे दार खुर्चीच्या रुंदीपेक्षा मोठे आहे का, आत भांडे कोणत्या प्रकारचे आहे, हे स्वतः पाहावे. ही सोय नसेल तर ती जागा सोडून द्यावी. दृश्य कितीही सुंदर असो. आपल्या बायाबापड्या या एका अडचणीपायी उपाशी-तहानलेल्या राहतात, पण बोलत नाहीत.

आता माथेरानचेच पाहा. हे ठिकाण कर्जत तालुक्यातच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. मोटारीला तिथे बंदी असल्याने रान शांत आहे. पण त्याच कारणाने चालता न येणाऱ्याची पंचाईत होते. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात पूर्ण मार्गावर धावत नाही. दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंत मात्र वेगळ्या फेऱ्या असतात. डबे अरुंद असतात, म्हणून घडीची खुर्ची न्यावी. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये आणि चालता न येणाऱ्याचीही सोय व्हावी, अशी ही दुहेरी गोष्ट आहे. निघण्यापूर्वी रिक्षाची व गाडीची वेळ विचारून घ्यावी.

तिथे गेल्यावर सगळे पॉइंट पाहण्याचा हट्ट धरू नये. सपाट वाटेवरची एक सावली निवडून दोन तास बसावे. माकडांपासून खाऊ झाकून ठेवावा, कारण पटकन बाजूला होता न येणाऱ्याला त्यांचा त्रास अधिक. घोड्यांच्या वाटेपासून खुर्ची दूर लावावी. उचलायची वेळ आली तर खुर्चीचे हात धरू नयेत, ते निसटून येतात; सांगाडा धरावा. आणि कसे उचलायचे, हे बसणाऱ्यालाच विचारावे.

दृष्टी नसलेल्यांना रानात काय मिळणार, असे कोणी म्हणेल. ऐनाची भेगाळलेली साल आणि सावरीचे काटे त्यांच्या हाताला दाखवा. सागाचे खरखरीत पान हातात द्या. तांबटाची टुक-टुक ऐकवा. डोळस माणूस पाहत पुढे जातो, त्यांना एकाच झाडापाशी अर्धा तास पुरत नाही.

२०२४ च्या जानेवारीत तात्यांना पुन्हा विचारले. ते लगेच हो म्हणाले नाहीत. "या वेळी मी सांगेन तिथे थांबायचे," एवढी अट घातली. पाहणी आधी केली होती. अमन लॉजला दोघांनी त्यांना उचलून डब्यात बसवले. पुढे एका झाडाखाली त्यांनी खुर्ची थांबवली. वर शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावत होते. तात्यांनी बाटली मागितली आणि पोटभर पाणी प्यायले. माझ्या दृष्टीने सहल तिथेच सफल झाली.

माथेरान जमत नसेल तर न जमो. गावची देवराई, गाडीवाटेच्या टोकाचे रान, तेही चालेल. परतल्यावर आपल्याच शेतात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा घालून पोपटी लावा. मात्र विस्तव रानात पेटवू नका, आणि मडक्याजवळची पहिली जागा खुर्चीसाठी राखून ठेवा.

यंदा घर राखायला कुलूप पुरे आहे. मागे राहणाऱ्याला बरोबर घ्या. पण त्याआधी वाट पाहून या.