गिटारची जवारी

नवा अल्बम आला की मी त्यात आधी खोली शोधतो. ही माणसं कुठे बसून वाजवताहेत, छत उंच आहे की बुटकं, गाणारी माईकच्या किती जवळ आहे, हे कानाला कळलं पाहिजे. चाल, शब्द, सोलो वगैरे सगळं नंतर. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. पण तानसेन नाही तर कानसेन, एवढ्या भांडवलावर मत द्यायला आपल्याकडे कुणाची हरकत नसते, आणि असली तरी मी देतोच.

अमेरिकेतल्या इंडी रॉकवाल्यांना हल्ली ही खोली पुन्हा सापडली आहे. एड्रियन लेंकरचा ‘ब्राइट फ्यूचर’ 22 मार्च 2024 ला आला. जंगलातल्या एका स्टुडिओत, सगळा जुन्या पद्धतीने टेपवर ध्वनिमुद्रित केलेला. पहिल्याच गाण्यात ती लहानपण आणि आई यांच्याबद्दल गाते. साथीला निक हकीमचा पियानो. तोही असा की पुढची पट्टी दाबावी की नको याचा दर वेळी विचार करतोय. ड्रम नाहीत. घाई तर नाहीच. बाई शब्दापाशी थांबतात तेव्हा मागची शांतता कोरी नसते, तिच्यात माणसं बसलेली असतात. संगणकावर दोन सुरांमधली जागा पुसून साफ करता येते. इथे ती मुद्दाम पुसलेली नाही.

ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीचं सगळं आयुष्य खोली टिपायच्या या एका हट्टात गेलं. ड्रमचा आवाज घेताना तो काही माईक लांब, जमिनीवर ठेवायचा, म्हणजे ड्रमसोबत खोलीही वाजेल. निर्वाणाचा ‘इन युटेरो’ 1993 साली त्याने ध्वनिमुद्रित केला, पण रॉयल्टी घेतली नाही. निर्माता म्हणवून घेणंही त्याला आवडायचं नाही. आपण आवाज टिपणारे, गाणं बँडचं, अशी त्याची भूमिका. 7 मे 2024 ला तो शिकागोत गेला आणि दहाच दिवसांनी त्याच्या शेलॅक या बँडचा ‘टू ऑल ट्रेन्स’ आला. अर्ध्या तासाच्या आत आटोपणारा, कोरडा, तिरसट अल्बम. गेलेल्या माणसाचा म्हणून हळहळत ऐकावा असं त्यात काही नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

लेंकरचा अल्बम आला त्याच दिवशी वॉक्साहॅचीचा ‘टायगर्स ब्लड’ही बाजारात आला. नाव वाचून वाटतं काहीतरी भयंकर असणार. प्रत्यक्षात तिकडे बर्फाच्या गोळ्यावर घालतात त्या लाल सरबताच्या चवीचं ते नाव. अल्बम नेटका, गोड, कुठेही खोट काढता येणार नाही असा. म्हणूनच मी तो भांडी घासताना लावतो. अपवाद ‘राइट बॅक टू इट’चा, कारण त्यात वॉक्साहॅचीच्या, म्हणजे केटी क्रचफील्डच्या आवाजाखाली एम. जे. लेंडरमनचा आळसावलेला आवाज येऊन टेकतो.

या लेंडरमनबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिलचा हा पोरगा. जन्म 1999 चा. 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्याचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ आला. गाणी नऊच. त्यांतले पुरुष बढाईखोर, कीव यावी असे. सुखाचा देखावा मांडतात आणि दोन ओळींत उघडे पडतात. तो त्यांना हसतो, पण त्यांच्या शेजारी बसून हसतो. त्याचा आवाज सुरावर ताठ उभा राहत नाही, थोडा खालीच रेलतो. मागे पेडल स्टील गिटार मींड घेत रडवेली होत असते, आणि त्याची स्वतःची गिटार खरखरत असते.

या खरखरीवरून माझे आणि माझ्या भाच्याच्या आईचे, म्हणजे माझ्याच बहिणीचे, नेहमी खटके उडतात. “स्पीकर फाटलाय का रे?” असं ती विचारते. बहीण स्वतः गाणं शिकलेली. तिचा तानपुरा मिरजेचा. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवत ती बसते. दोरा केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार घोडीला नेमकी अशी घासू लागते की सुरातून दुसरे सूर फुटतात. ती जवारी. घासणं बंद केलं तर तार शुद्ध वाजेल, पण तानपुरा मुका होईल. अ‍ॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका जोर लावला की गिटारच्या लहरीचे शेंडे छाटले जातात आणि तिथेही मूळ सुरात नसलेले सूर उगवतात. कारण निराळं, पण कानाला भूक तीच.

‘मॅनिंग फायरवर्क्स’चं शेवटचं गाणं दहा मिनिटांचं आहे. त्यातली पहिली काही मिनिटंच गाणं. मग शब्द संपतात, ठेका विरतो आणि उरतो तो वाद्यांचा एकच घोंगावणारा स्वर, आत आत सरकत, रंग बदलत. बहुतेक जण इथे पुढे ढकलतात. मी तिथे आवाज वाढवतो.

आता खरखर फॅशन झाली, त्याबद्दल. टेपची सूं सूं आजकाल सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते. गाण्यावर भुरभुरायची की झाला जुना बाज. असली धूळ मला दोन गाण्यांत कळते. सिंडी ली या नावाने गाणाऱ्या पॅट्रिक फ्लेगलचा ‘डायमंड ज्युबिली’ मी याच संशयाने लावला होता. बत्तीस गाणी, दोन तासांहून जास्त. मार्च 2024 मध्ये आला तेव्हा स्पॉटिफायवर नव्हता. यूट्यूबवर सलग एकच फाइल, नाहीतर जिओसिटीज थाटाच्या एका ओबडधोबड वेबसाइटवरून उतरवून घ्यायचा, वाटलं तर तीस कॅनेडियन डॉलर द्यायचे. धूळ भरपूर आहे, पण खाली खरं घर आहे. दोन गिटारी एकमेकींच्या वाटेत येत, वळणं घेत जातात, आणि साठीच्या दशकातल्या मुलींच्या गटांसारखा पातळ, उंच आवाज मधूनच तरंगून जातो. तरी दोन तास जास्तच झाले. तिसावं गाणं येईस्तोवर माझा चहा दोनदा होतो.

भाच्याला हे सगळं म्हातारं वाटतं. त्याचा जीव ब्रुकलिनच्या गीज या बँडवर. सप्टेंबर 2025 मध्ये आलेला त्यांचा ‘गेटिंग किल्ड’ त्याने मला पाठवला, तोच मुळी ताकीद देऊन : “मामा, यात खोलीबिली शोधत बसू नकोस.” निर्माता केनेथ ब्लूम, हिप-हॉपमधून आलेला; त्यामुळे बांधणीच वेगळी. ‘टॅक्सेस’ या गाण्यात बराच वेळ नुसते ड्रम घुमतात आणि मग गिटारी एकदम उजळतात. ती जागा मी मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकली, हे भाच्याला सांगितलं. पण त्यांचा गायक कॅमेरॉन विंटर याचं गाणं मला फार ओढूनताणून केलेलं वाटतं, हेही सांगितलं. तो म्हणाला, “आधी त्याचा एकट्याचा ‘हेवी मेटल’ ऐक, मग बोल.” ऐकतोय. अजून तरी मत तेच आहे.