‘सगळे’ म्हणताना

परवा लोणावळ्यात टपरीवर आम्ही चौघं चहा घेत होतो. बाहेर पाऊस. निवडणुकीवरून गप्पा पवना पाइपलाइनवर आल्या आणि मी बोलून गेलो, “हे धरणवाले सगळे सारखेच. जमिनी विकायच्या, फॉर्च्युनर घ्यायची आणि वर शेतकरी म्हणून रस्ता अडवायचा.”

दोघं हसले. तिसरा हसला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून म्हणाला, “निघतो. पोरीला क्लासला सोडायचंय.” पंचवीस वर्षांचा दोस्त.

घरी आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या आजोबांची जमीन पवना धरणात गेली. १२०३ बाधित खातेदारांपैकी ३४० जणांचं पुनर्वसन झालं, ८६३ वाट बघत राहिले. त्या ८६३ मध्ये त्याचं घर आहे. विकायला त्याच्याकडे जमीनच नाही, ती पाण्याखाली आहे.

आणि हे मला माहीत होतं! ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्सप्रेस वेवर गोळीबार झाला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे गेले. ही नावं मी स्वतः बातमीत लिहिलीत. तरी तोंडातून ‘सगळे’ निघालंच.

जमिनी विकून गब्बर झालेले मावळात नाहीत का? आहेत. एमआयडीसी आली, प्लॉटिंग आलं, काहींचे दिवस पालटले. काही पुढाऱ्यांनी दलालीही केली. त्यांच्यावर बोलायलाच हवं, पण व्यवहार धरून, माणूस धरून. मलाच कुणी “पत्रकार म्हणजे पाकीटवाले” म्हटलं की दोन दिवस झोंबतं.

फोन उचलेना, म्हणून काल त्याच्या घरी गेलो. माफी मागितली. तो म्हणाला, “पुढाऱ्यांना शिव्या घाल, मी पण घालतो. पण ‘सगळे’ म्हणालास तेव्हा मला कुठं धरलंस, ते सांग.”

मला उत्तर देता आलं नाही.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, “मी तरी कुठं धुतल्या तांदळाचा? शहरवाल्यांना पाणीचोर म्हणतो. बहीण चिंचवडला राहते. तिच्या नळाला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय.” मग “जाऊ दे रे” म्हणाला. ‘जाऊ दे’ म्हटलं म्हणजे लगेच जातंच असं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

पाइपलाइनवर भांडण होणार, व्हायलाही हवं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तो त्या दिवशी टपरीवर नसता, तरी माझं वाक्य खोटंच होतं. फक्त कुणी चहा सोडून उठलं नसतं आणि मी तेच वाक्य पुढच्या टपरीवर पुन्हा फेकलं असतं.