6174 च्या पुढे

नाशिक

चि. मिहिरला अनेक आशीर्वाद.

तू वर्गात 6174 ची गंमत करून दाखवलीस आणि सगळे चकित झाले, हे वाचून फार आनंद झाला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच (उत्तर तीन अंकी आलं तर डावीकडे शून्य लिहून). 3524 घेतली तर 3087, मग 8352, मग 6174. तिथून पुढे हलायचं नाव नाही! कोणतीही संख्या घे, फार तर सात वजाबाक्यांत तिथे पोचतेच.

हे 1949 मध्ये शोधलं ते आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी. शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ आकड्यांत घालवायचे. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि हे नाव जगभरातल्या कोडीवेड्यांना माहीत झालं.

आता माझं ऐक. गंमत दाखवून थांबू नकोस. ‘असं का होतं?’ हे खरं कोडं आहे आणि तेही तुझ्या आवाक्यातलं आहे. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मान. वजाबाकी येते 999 × (अ − ड) + 90 × (ब − क). म्हणजे सगळं या दोन फरकांवरच ठरतं. पहिला फरक 1 ते 9 मधला, आणि दुसरा पहिल्याहून मोठा होऊच शकत नाही. सगळ्या जोड्या मोज: 2 + 3 + … + 10, म्हणजे 54. चारही अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या 8991 आहेत, पण पहिल्याच वजाबाकीनंतर उत्तरं उरतात फक्त चौपन्न! तेवढी तर एका दुपारी वहीत तपासून होतील.

कोड्यांवर माझा जीव आहे तो यासाठी. अफाट वाटणारी गोष्ट नीट विचार केला की हाताच्या अंतरावर येते. हा अनुभव एकदा घेतला की अवघड प्रश्न पाहून माणूस मागे सरत नाही.

आता तीन अंकी संख्या घेऊन हेच कर. उत्तर दोन अंकी आलं तर डावीकडे शून्य लिही. सगळ्या संख्या कुठे येऊन थांबतात ते तुला लगेच दिसेल. मला मात्र त्याचं कारण लिहून पाठव.

ताईला आठवण सांग.

तुझा,
मामा