मेन पिक्चरच्या आधी

जालन्यात एके काळी सिनेमाला उशीर झाला तरी कुणी धावपळ करत नसे. 'न्यूजरीलच चाललीय अजून,' असं दारावरचा माणूस सांगायचा आणि लोक निवांत पान लावून घ्यायचे. धरणाचं उद्घाटन, कुठला तरी पूर, विमानातून उतरणारे पाहुणे, जमलं तर शेवटी क्रिकेट. आणि सगळ्यावर एकाच पट्टीतला भारदस्त आवाज. फिल्म्स डिव्हिजन 1948 मध्ये सुरू झालं. त्यांचे पट दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं, वर त्याचं भाडंही त्यांनीच भरायचं. आमचे आण्णा मात्र न्यूजरीलच्या आधी खुर्चीत हवेत. 'तिकिटात तेही आलंय,' हे त्यांचं अर्थशास्त्र. मला एकच खटकायचं. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला गेलेली, आम्ही सुकडीवर दिवस काढलेले, मिलोच्या लाल भाकरीला तोंडं वाकडी केलेली; आणि पडद्यावर धरणं कायम भरलेली.

माहितीपट मन लावून पाहायची गोष्ट आहे हे कळायला मुंबई गाठावी लागली. 'मिफ', म्हणजे माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, तिथे 1990 पासून भरतो. धाकटा भाऊ तिकडे नोकरीला, त्यामुळे मुक्कामाची चिंता नव्हती. सुरुवातीला मी चक्क झोपायचे. मेंढपाळ, खाणकामगार, एखाद्या वृद्धाश्रमातली जेवणाची वेळ, असं एका दिवसात पाहून बाहेर पडलं की डोकं बधिर होई. पण लोकलमध्ये समोरची बाई पर्समधून लसणाच्या पाकळ्या काढून सोलायला लागली की तिच्याकडे टक लावून बघत राहायचे. ती खोड महोत्सवानेच लावली.

मग आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहिला. शाहीर विलास घोगरे त्यांच्या 'हमारा शहर'मध्ये गायले होते. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि चारच दिवसांत घोगऱ्यांनी गळफास घेतला. तिथून सुरू झालेलं काम 14 वर्षं चाललं. तीन तासांहून मोठा पट, पण चुळबुळ नाही. गाण्यातल्या टोमण्याला आम्ही मराठीवाले हसून मोकळे व्हायचो, पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचणारे मागून हसायचे. त्या मधल्या क्षणात मला फार श्रीमंत वाटायचं. नामांतराच्या काळात मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला त्यातलं बरंचसं कुणी समजावून सांगावं लागत नाही. तरी गप्पच बसले. माणसं कॅमेऱ्यासमोर इतकी सहज का बोलतात याचं उत्तर मला त्या 14 वर्षांत दिसलं. कॅमेरा वारंवार घरी आला की लोक त्याच्यासमोर नीटनेटकं बसणं सोडून देतात.

दादासाहेब फाळक्यांनी तरी दुसरं काय केलं? 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 मध्ये, पेरलेल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते त्यांनी थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपून दाखवलं. बियाण्यांच्या जालन्यात त्या पटाचं अजून कुणी कौतुक कसं केलं नाही, हे मला कोडंच आहे.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (2016) तर आमच्या जत्रेतलाच. महाराष्ट्रातल्या तंबूच्या टॉकीजची ही अखेरची वर्षं. त्यात एक प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर आहे; आयुष्याच्या उतारावर त्याने स्वतःचं नवं यंत्र तयार केलंय आणि ते घ्यायला आता कुणी उरलेलं नाही. तो यंत्राची चाकं फिरवून दाखवताना बोलतो ते नवऱ्या मुलीच्या बापासारखं, तिचे गुण सांगत. जुनी प्रोजेक्टरं भंगारात जाताना पाहिली आणि मला आपली एमआयडीसी आठवली. आमच्याकडे भंगार वितळवून सळया करतात. कुणाच्या स्लॅबमध्ये आता कुठला सिनेमा असेल, सांगता येत नाही.

2013 च्या उन्हाळ्यात कॅमेरे आमच्या भागातही आले. टँकरभोवतीची झुंबड टिपून झाली, तरी एक मुलगा एका बाईला म्हणाला, 'मावशी, हंडा परत एकदा उचला ना.' तिने उचलला, आणि मग पदराआड हसत सुटली. पडद्यावर ते हसू कधीच येत नाही. भेगाळलेली जमीन, हंडा, कोरडी विहीर, करुण बासरी: दुष्काळाचा असा पट आता मला सुरुवातीच्या मिनिटातच ओळखू येतो, आणि चीड येते.

मुंबईपेक्षा आता संभाजीनगर जवळ पडतं. तिथल्या एका खेळात कोरडवाहू शेतकऱ्यावरचा छोटा पट पाहिला. दिग्दर्शक पोरगेलासा, पण त्या घरात वर्षभर राहून आलेला. चर्चेत प्रकाशयोजना, आशय वगैरे झाल्यावर बदनापूरकडचे एक काका उठले.

'ते बोर घेतात ते दाखवलं. किती फूट गेलं?'

पोराने सरळ फोन काढला आणि त्या शेतकऱ्याला लावला. 'दादा, आपलं बोर किती गेलं होतं?' स्पीकरवर आवाज आला, 'साडेचारशे. का रे, तिकडं कुठं घेता काय?'

सभागृह खो खो हसलं. काकांनी माइक हातातच ठेवला. 'केसिंग किती टाकलं? फुटाला भाव काय लावला?' पलीकडून उत्तरं येत गेली, मागच्या रांगेतल्या दोघांनी आपापल्या गावचे भाव सांगितले, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना पुढच्या पटाची घोषणा करायला माइक काही मिळेना.