हुकाचा एक्का

‘व्हर्सटाइल’ हा शब्द हल्ली कुणालाही चिकटवतात. गायकाला, अ‍ॅक्टरला आणि बायोडेटात तर आपणच आपल्याला! माझ्यासारख्या फ्रीलान्सरला तो उठता-बसता ऐकवला जातो. सोमवारी रेस्टॉरंटवर लिही, बुधवारी म्युच्युअल फंडावर. जमतं सगळं. पण ‘अमुक विषय म्हटला की हीच’ असं कुणी म्हणत नाही. त्यामुळेच की काय, गेले कित्येक महिने मी रात्री हेवीवेट बॉक्सिंगच्या जुन्या फायटी बघत बसते. (हो, मुलगी. हो, बॉक्सिंग. पुढे वाचा.)

वर्ल्ड चॅम्पियन म्हणजे सर्वगुणसंपन्न, हा समज पहिल्या आठवड्यातच निकालात निघतो. जो फ्रेझरचंच घ्या. गडी उभं आयुष्य लेफ्ट हुकवर जगला. उजवा हात होता, पण जवळपास शोभेपुरता. डोकं खाली, कंबरेतून डुलत डुलत आत घुसायचं आणि डावा हात फिरवायचा, बस्स. लहानपणी डुक्कर मागे लागलं, पळताना पडून तो हात दुखावला आणि नंतर कधी पुरता सरळ झालाच नाही, असं तो स्वतः सांगायचा. म्हणजे हुकच्या कोनात बसवूनच दिलेला हात! ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या, म्हणजे शेवटच्या राउंडला तोच हुक मुहम्मद अलीच्या जबड्यावर बसला आणि अली चक्क पाठीवर! उठला तो, पण फाइट गेली. प्रोफेशनल करिअरमधली त्याची ही पहिली हार.

आता जानेवारी १९७३. किंग्स्टन, जमैका. समोर जॉर्ज फोरमन. तोच फ्रेझर, तेच घुसणं. फक्त हा माणूस उंच आणि रेड्यासारखा ताकदवान. फ्रेझर आत आला की दोन्ही हातांनी त्याला मागे ढकलायचा आणि तो वाकला की खालून अपरकट. दोन राउंडांत फ्रेझर सहा वेळा खाली. ज्या वाकण्याने अलीला हैराण केलं, त्याच वाकण्याने त्याला अपरकटच्या तोंडी दिलं.

गंमत पुढे आहे. मार्च १९७३मध्ये केन नॉर्टनने हात छातीशी आडवे धरायच्या आपल्या विचित्र स्टाइलने अलीला हरवलं, जबडाही मोडला. वर्षभराने फोरमनने त्याच नॉर्टनला दोन राउंडांत गुंडाळलं. शाळेतल्या गणिताप्रमाणे मग फोरमनने अलीचा भुगा करायला हवा होता ना? ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. आठव्या राउंडला फोरमन नॉकआउट! साधा दगड-कागद-कात्रीचा खेळ आहे, राव. फ्रेझर ‘लिमिटेड’ होता का, याचं उत्तर समोर कोण उभा आहे यावर.

आणि ज्याला आपण ऑलराउंडर म्हणून डोक्यावर घेतो, त्या अलीचं काय? पुस्तकी नियमांनी बघाल तर नापास. हात कंबरेशी, ठोसा चुकवायला सरळ मागे झुकायचं, पोटात-बरगड्यांत मारणं जवळजवळ नाहीच. तरुणपणी हे सगळं त्याच्या पायांनी झाकलं. मग व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याने साडेतीन वर्षं बंदी. १९७०मध्ये परतला तेव्हा ते पाय राहिले नव्हते. तेव्हा त्याला दुसरी कला सापडली, मार खायची. किन्शासात तो दोरांना टेकून उभा राहिला आणि फोरमनला थकेपर्यंत मारू दिलं. जग त्याला जीनियस म्हणतं, आहेच. पण ते राउंड बघताना माझ्या पोटात कालवतं. कारण हे नवं स्किल त्याने पुढेही वापरलं. १९७५ला मनिलामध्ये चौदा राउंड. (फ्रेझरचे डोळे इतके सुजले की ट्रेनर एडी फचने त्याला पंधराव्याला उठूच दिलं नाही. वाकणं त्यानेही सोडलं नव्हतं.) १९७७ला अर्नी शेव्हर्सचे ठोसे. त्या फाइटनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको टीम सोडून गेले. अली खेळत राहिला. पार्किन्सन्सचं निदान झालं १९८४ला.

याच्या अगदी उलट व्लादिमीर क्लिचको. २००३ आणि २००४मध्ये दोनदा आडवा झाल्यावर ट्रेनर इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने खेळ वाढवला नाही, छाटला. लांबून जॅब, जॅब, मग राइट. जवळ आलास? मिठी. बघायला इतकं बोअर की मी मध्येच चहा टाकून येते. पण २००६ ते २०१५ चॅम्पियन! टायसन फ्युरीने शेवटी त्याला हरवलं ते त्याचा जॅबच बंद पाडून. (दुसऱ्या टायसनबद्दल सगळ्यांना सगळं माहितीय, तो सोडते.)

मला सगळ्यात जास्त आवडतो तो म्हातारा फोरमन. १९७७मध्ये रिंग सोडली, धर्मोपदेशक झाला, दहा वर्षांनी परतला. पोट सुटलेलं, पाय जड, हात चेहऱ्यासमोर आडवे. हो, थोडेसे नॉर्टनसारखेच! ५ नोव्हेंबर १९९४, लास वेगास. समोर २६ वर्षांचा, अपराजित, डावखुरा चॅम्पियन मायकल मूरर. फोरमन ४५ वर्षांचा, किन्शासात घातलेलीच लाल चड्डी घालून आलेला. आणि त्याच्या कोपऱ्यात कोण? अँजेलो डंडी, किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता तोच!

नऊ राउंड संपले तेव्हा फोरमन तिन्ही जजेसच्या कार्डांवर मागे. मार खातोय, पण घाई नाही. किन्शासात पाचव्या राउंडलाच रिकामा झालेला हा माणूस आता साठवून ठेवतोय. जॅब टाकतो, एक पाऊल पुढे, परत जॅब. दहाव्या राउंडला त्यामागून एक छोटासा राइट, फार जोरातही वाटत नाही. मूरर पाठीवर. रेफरीचे दहा मोजून झाले तेव्हा फोरमन आपल्या कोपऱ्यात गेला आणि गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला.