तंजावरची शिळाक्षरे आणि आपला कॅमेरा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात शिरताना पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. कॅमेरा मात्र आत नेता येतो. गाभाऱ्यात आणि त्याच्या आसपासच्या दालनांत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, पण बाहेरच्या विस्तीर्ण प्रांगणात आपल्याला कोणी अडवीत नाही. चोळ सम्राट पहिला राजराज याने उभारलेले हे मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पुरे झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सुमारे २०० फूट उंच आहे. साहजिकच आत आलेला प्रत्येक प्रवासी मान वर करतो, कॅमेराही वर करतो आणि शिखराचे एक चित्र घेऊन समाधानाने परततो. आपण तेथे जाल तेव्हा ते चित्र अवश्य घ्यावे. परंतु त्यानंतर मान खाली करून विमानाच्या जोत्याकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे.

या जोत्यावर ओळींमागून ओळी तमिळ लेख कोरलेले आहेत. आम्ही दिले ते, आमच्या ज्येष्ठ भगिनीने दिले ते, राण्यांनी दिले ते आणि इतरांनी दिले तेही या शिळेवर कोरावे, अशा आशयाची राजराजाची आज्ञा त्यांत आहे. दाता राजा असो की अधिकारी, त्याचे नाव आले पाहिजे, हा त्यामागचा दंडक. इतकेच नव्हे, तर मंदिराच्या सेवेसाठी ठिकठिकाणांहून आणलेल्या ४०० नर्तकींची नावे आणि त्यांना नेमून दिलेली घरे यांचीही नोंद येथे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एवढ्या सामान्य स्त्रिया नावानिशी आपल्यापर्यंत पोहोचाव्यात, ही गोष्ट मला शिखराच्या उंचीइतकीच थोर वाटते.

मराठी वाचकाला येथे आणखी एक आप्त भेटतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापिले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत लिहवून याच मंदिराच्या आवारात, नैर्ऋत्येकडील भागात, भिंतीवर कोरून घेतला. मराठीतील अतिशय दीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते.

माझ्या आत्याबाई लग्न होऊन तंजावरच्या एका मराठी कुटुंबात गेल्या. नव्या सुनेला घेऊन सासरे या भिंतीपाशी आले होते आणि त्यांनी बोटाने दाखवीत काही ओळी मोठ्याने वाचून दाखविल्या होत्या. आता आत्याबाई बंगळूरला मुलाकडे असतात. वयोमानाने प्रवास होत नाही आणि दृष्टीही मंदावत चालली आहे. मी तंजावरला निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "देवळाचे फोटो मला पुष्कळांनी दाखविले. तू मला वाचता येईल असा फोटो आण."

काम सोपे वाटले. पहिल्या दिवशी मी संध्याकाळी मंदिरात गेलो. मावळतीचे सोनेरी ऊन छायाचित्रासाठी उत्तम, असे सर्वत्र सांगितले जाते. आणि खरोखरच विमानाची पश्चिम बाजू तेव्हा मधासारखी दिसत होती. मी जोत्याच्या लेखांची चित्रे घेतली. मराठी लेखापाशी पोहोचलो तोवर अंधारून आले होते, म्हणून फ्लॅश वापरला. रात्री मुक्कामी चित्रे मोठी करून पाहिली. दगड सुरेख आला होता, अक्षरे नव्हती. फ्लॅशच्या चित्रांत तर मधोमध पांढरा झगझगीत डाग आणि भोवती सपाट शिळा, एवढेच दिसत होते.

कारण समजले की उपाय सापडतो. कोरलेले अक्षर म्हणजे दगडातील बारीकशी चर. तिच्या एका काठाची सावली आत पडली तरच ती डोळ्याला दिसते. प्रकाश समोरून आला की सावली अक्षराच्या मागे दडते. मावळतीचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर थेट समोरून पडते आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅशही समोरूनच पडतो. म्हणजे मी दोन्ही वेळा एकच चूक केली होती. लेखासाठी हवा तो भिंतीला घासून जाणारा तिरपा प्रकाश.

मंदिर पूर्वाभिमुख असल्याने याचा हिशेब मांडणे कठीण नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो व नैर्ऋत्येकडे मावळतो. त्यामुळे त्या दिवसांत विमानाच्या दक्षिण बाजूला सकाळी व तिसऱ्या प्रहरी तिरपे ऊन मिळते. उत्तर बाजू मात्र सावलीत राहते. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम अकरा अंशांवर असल्यामुळे मे ते जुलै या काळात सूर्य तेथे उत्तरेकडे झुकलेला असतो आणि हाच लाभ उत्तर बाजूला होतो. पश्चिमेच्या भिंतीसाठी मध्यान्ह टळल्यानंतरचा थोडा वेळ साधावा. डोक्यावरच्या उन्हात आडव्या रेषा उठून दिसतात, पण उभ्या हरवतात; म्हणून एकाच लेखाची दोन वेळांना चित्रे घेणे उत्तम. हा नियम केवळ तंजावरचा नव्हे. आपल्या गावातील वीरगळ, वेशीवरील लेख किंवा आजोबांनी बांधलेल्या विहिरीवरील सन, या सर्वांना तो सारखाच लागू आहे.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गेलो. मराठी लेखापाशी त्या वेळी सावली होती, पण काही पावलांवर ऊन उतरले होते. जवळ पांढरे उपरणे होते. ते उन्हात ताणून धरले तर त्याचा परतलेला उजेड बाजूने भिंतीवर जाईल, असे वाटले. पण उपरणे धरू की कॅमेरा? तेवढ्यात दर्शनाला आलेला एक शाळकरी मुलगा माझी धडपड पाहून पुढे आला. मला तमिळ येत नव्हते, त्याला मराठी येत नव्हते. त्याने उपरण्याची दोन टोके धरली, मी खुणेने डावीकडे-उजवीकडे सांगत गेलो आणि एका कोनात अक्षरे अशी उमटली, जणू कोणी नुकतीच कोरली असावीत. तो अर्धा तास उभा होता.

लांबलचक लेखाचे चित्र कसे घ्यावे, याचा धडा येथेच १८५८ साली घालून दिला गेला आहे. मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी त्या वर्षी विमानाच्या जोत्यावरील लेखांची २१ चित्रे घेतली आणि ती शेजारी शेजारी जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. काचेऐवजी मेण दिलेल्या कागदाच्या निगेटिव्ह, अवजड कॅमेरा आणि दक्षिणेचा उन्हाळा, अशा स्थितीत हे काम झाले. आपल्या खिशातील मोबाईलला ते मुळीच अवघड नाही. भिंतीपासूनचे अंतर बदलू नये; कॅमेरा भिंतीला समांतर धरावा; एक पाऊल बाजूला सरकून पुढचे चित्र घ्यावे आणि प्रत्येक चित्रात मागच्या चित्राचा सुमारे तिसरा हिस्सा यावा. शेवटी दुरून संपूर्ण भिंतीचे एक चित्र घ्यावे, म्हणजे कोणता तुकडा कोठला हे पुढे कळते.

सामग्रीविषयी थोडक्यात सांगतो. या कामाला महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईल असल्यास भिंग मऊ फडक्याने पुसावे, अतिरुंद दृश्य टिपणारे भिंग टाळावे, कारण त्यात कडेची अक्षरे ताणली जातात. आणि पडद्यावर बोट ठेवून उजेड किंचित कमी करावा, म्हणजे दगडाचा पोत उतरतो. भिंग बदलता येणारा कॅमेरा असल्यास ५० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग व एफ-८ चे छिद्र पुरेसे होते. ट्रायपॉड नेऊ नये. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत त्यासाठी आगाऊ परवानगी लागते. त्याऐवजी कोपरे छातीशी टेकवावीत, श्वास रोखावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. दुपारी प्रांगणातील फरशी चांगलीच तापते, म्हणून पिशवीत जाड पायमोजे असावेत. पाय भाजत असताना हात स्थिर राहत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. अक्षरे उठावीत म्हणून त्यांत खडू घासणे, पीठ भरणे किंवा पाणी ओतणे ही जुनी खोड अजून गेलेली नाही. दगडाला याचा अपाय होतो, आणि संरक्षित स्मारकाला इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

चित्र घेतल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न उरतो. मंदिर हजार वर्षांचे. त्यावर आज कोणाचाही स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, नाही. नव्या वास्तू आणि सार्वजनिक ठिकाणी कायम उभारलेले पुतळे यांचेही छायाचित्र घेण्याची व प्रसिद्ध करण्याची मुभा १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाने दिली आहे. पण छायाचित्र ही स्वतंत्र कृती आहे. शटर दाबताच तिचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यापुढे ६० वर्षे टिकतो. फार जुन्या चित्रांचा हिशेब वेगळा. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा, उदाहरणार्थ लग्नाच्या फोटोचा, पहिला मालक वेगळा करार नसल्यास काढवून घेणारा असतो. म्हणून दुसऱ्याचे चित्र कोठे मिळाले तर ते बेनामी समजून आपल्या स्मरणिकेत छापू नये. विचारावे आणि तळाशी नाव द्यावे.

माणसांच्या बाबतीत कायद्याच्याही आधी सभ्यता येते. प्रांगणात पूजेत मग्न स्त्रिया, हिरवळीवर विसावलेली कुटुंबे, धावणारी मुले दिसतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. आपली आजी ते फार पूर्वीपासून सांगत आली आहे. कॅमेरा उचलण्यापूर्वी नजरेने विचारावे, नकार आल्यास नमस्कार करून पुढे जावे. मुलांचे चित्र आईवडिलांना विचारल्यावाचून घेऊ नये. चित्र पाठविण्याचे वचन दिले तर पत्ता लिहून घ्यावा आणि ते पाळावे.

परतताना बंगळूरला उतरलो. चित्रे मोठ्या आकारात छापून नेली होती. आत्याबाईंनी ती खिडकीपाशी धरली, भिंग लावले आणि बोट फिरवीत अडखळत चार ओळी वाचल्या. थांबून पुन्हा वाचल्या, या वेळी मोठ्याने. नंतर कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.

मग त्यांचे लक्ष चित्राच्या कडेला गेले. तेथे उपरण्याचे टोक धरलेली चार बोटे आली होती. "हा कोण रे?" त्यांनी विचारले. मी सारी हकीकत सांगितली. "नाव काय त्याचे?"

मी विचारलेच नव्हते. ४०० नर्तकींची नावे जपणाऱ्या भिंतीजवळ मी तास न् तास काढले होते आणि अर्धा तास माझ्यासाठी उभ्या राहिलेल्या मुलाचे नाव विचारायला मला सुचले नव्हते. आत्याबाईंनी चित्र उलटे केले आणि मागे लिहायला लावले: स्थळ, तारीख, चित्र घेणाऱ्याचे नाव. चौथ्या ओळीत 'उपरणे धरणारा' एवढे लिहून त्यापुढे जागा मोकळी सोडली आहे.

वाचकहो, आपण तंजावरला जाल किंवा आपल्याच गावच्या एखाद्या जुन्या शिळेसमोर उभे राहाल, तेव्हा ऊन कोणीकडून येते ते पाहा. आणि पिशवीत कॅमेऱ्याशेजारी एक लहान वही व पेन्सिल अवश्य ठेवा.